कोकण करून परतताना पाहुण्यांकडे: मालवण ते पुणे, कोल्हापूर-सांगली-साताऱ्यावरून

पुण्याची गाडी कोकणात उतरते ती बहुधा ताम्हिणीतून, आणि दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे करत मालवणला पोचते. परतीचा रस्ता मात्र बरेचजण देशावरून घेतात. घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तिथून हायवेने पुणं. हे अंतर साधारण चारशे किलोमीटर आहे आणि एका दिवसात होतंही. पण याच रस्त्यावर कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड, सातारा ही गावं आहेत आणि त्या गावांत आपले मामा, आत्या, मावश्या, कॉलेजचे मित्र राहतात. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं, त्यामुळे हा टप्पा आमच्या घरात ठरलेलाच असतो.

माझं ठाम मत असं की पाहुण्यांसाठी वेगळे दिवस काढावेत. समुद्रावर एक दिवस कमी राहिलात तरी चालेल. 'जाता जाता डोकावून जाऊ' म्हणून गेलात की यजमानीणबाई धावतपळत पोहे टाकतात, तुम्ही घड्याळ बघत खाता आणि दोन वर्षांनी भेटलेल्या माणसाशी धड बोलणं होत नाही. खाली जो क्रम दिलाय तो गुरुवार ते रविवार असा धरलाय. तुमची गावं वेगळी असतील, पण हिशेब हाच लागू पडेल.

आधी यादी, मग कात्री

सहलीला निघायच्या आठ-दहा दिवस आधी नवरा-बायकोने एकत्र बसून वाटेवरच्या सगळ्या घरांची नावं कागदावर लिहावीत. पंधरा-वीस सहज निघतात. त्यातली चार, फार तर पाच ठेवायची.

ठेवायची कोणती? वय झालेली माणसं, जी आता पुण्याला येऊ शकत नाहीत, ती सगळ्यात वर. गेल्या वर्षभरात ज्या घरात कुणी गेलंय आणि तुम्हाला तेव्हा जाता आलं नाही, ते घर. नवं बाळ किंवा नवी सून आलेलं घर. आणि एक तरी मित्र किंवा मैत्रीण, कारण नातेवाइकांच्या यादीत मित्र नेहमी मागे पडतात. जी मंडळी लग्नाकार्यात दर चार महिन्यांनी भेटतातच, त्यांना या वेळी वगळलं तर काही बिघडत नाही.

एका गावात तीन-चार घरं असतील तर एकाच घरी उतरा आणि बाकीच्यांना तिथे बोलवायला सांगा. हे घर सगळ्यात थोरल्या माणसाचं असावं. कोल्हापुरात थोरल्या मामांकडे सगळी भावंडं जमतात यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. धाकट्याच्या घरी थोरल्याला बोलावलं तर मात्र वाटतो. नाती दोन्हीकडची समसमान आहेत ना, हेही बघा. माहेरची तीन आणि सासरचं एक असा कागद झाला तर तो पुन्हा लिहा.

फोन कुणी करायचा आणि काय बोलायचं

ज्याचं नातं त्याने फोन करायचा. सासरच्या आत्यांना सुनेने फोन करून 'आम्ही येतोय' म्हणण्यापेक्षा भाच्याने स्वतः केलेल्या फोनची गोडी वेगळी असते. आधी थोरल्यांना, मग धाकट्यांना. आणि हे फोन होईपर्यंत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना स्टेटसवरून कळणं सगळ्यात वाईट. त्यांनाही आपणहून फोन करून सांगावं: 'काकू, या खेपेला जमत नाहीये, पण दिवाळीनंतर नक्की येते.' मग नंतर कोल्हापूरचे फोटो पाहून कुणी नाराज होत नाही.

फोनवर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कधी येणार, काय खाणार, कधी निघणार. मी असं बोलते:

'मामी, गुरुवारी संध्याकाळी सहा-सातपर्यंत पोचतो. जेवण आणि मुक्काम तुमच्याकडेच. सकाळी नाश्ता करून नऊला निघायचंय.'

'आत्या, शनिवारी अकराच्या सुमाराला येतो, तास-दीड तास निवांत बसू. जेवणाचं मात्र साताऱ्याला सांगितलंय, तेव्हा फक्त चहा टाक.'

समोरून 'असं कसं, जेवल्याशिवाय सोडणार नाही' येणारच. तेव्हा गुळमुळीत 'बघू' म्हणू नका. 'बघू'चा अर्थ त्या घरात स्वयंपाक असा होतो. चार माणसांचं शिजवून ठेवलेलं अन्न तसंच राहिलं की वाईट वाटणं साहजिक आहे. प्रेमाने पण पक्कं सांगा, आणि माणसं किती, त्यात लहान मुलं किती, हेही सांगा.

जेवण कुणाकडे, चहा कुणाकडे

हा सगळ्यात नाजूक भाग, म्हणून याला वेळ द्या. आमच्या घरी एकच नियम आहे: जिथे मुक्काम तिथे पोटभर जेवण, आणि जिथून लगेच गाडी चालवायची आहे तिथे चहा-फराळ. आग्रहाचं जेवण झाल्यावर दुपारी दोनच्या उन्हात हायवेला लागणं धोक्याचं आहे, डोळे मिटायला लागतात. एखाद्या घरी दुपारचं जेवण टाळता येत नसेल तर त्यांनाच सांगा की जेवून चालवणारा माणूस तासभर आडवा होईल. गावाकडच्या घरात याचं कुणाला काही वाटत नाही, उलट उशी-चादर लगेच येते.

वार बघायला विसरू नका. कोल्हापूरला पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा व्हायला हवा असं यजमानांना वाटतं, पण कित्येक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर विचारायलाच नको: घरात महालक्ष्मीचं व्रत मांडलेलं असतं आणि बाईचा उपास असतो. एकादशी, संकष्टी कॅलेंडरवर बघून ठेवा. संकष्टीच्या दिवशी संध्याकाळी सातला कुणाच्या दारात उभे राहिलात तर चंद्रोदय होईपर्यंत घरची निम्मी माणसं जेवणार नसतात आणि त्यांची तारांबळ उडते.

तुमचं काही पथ्य असेल तर तेही फोनवरच सांगा. ताटावर बसल्यावर 'मला तिखट चालत नाही' म्हटलं तर कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात ऐनवेळी करण्यासारखं फारसं काही नसतं.

मालवणातून काय घ्यायचं

कोकणातून आलेल्या माणसाच्या पिशवीत कोकणचं काहीतरी असावं अशी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मालवणी खाजा, आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, काजू, कुळथाचं पीठ. यातलं कुळथाचं पीठ आणि आगळ वयस्क माणसांना फार आवडतं. मधुमेह असलेल्या घरी गुळाच्या पाकातला खाजा नेण्यापेक्षा हेच न्या. काजूगर शक्यतो ओळखीच्या ठिकाणाहून किंवा कारखान्यातून घ्या. रस्त्यावरच्या दुकानात पाकीट फोडून एक खाऊन बघितल्याशिवाय घेऊ नका, जुना काजू खवट लागतो. प्रत्येक घराची पिशवी मालवणातच वेगळी बांधून तिच्यावर नाव लिहून ठेवा. कुणाच्या तरी अंगणात डिकी उघडून 'हे कुणाचं, ते कुणाचं' करणं बरं दिसत नाही, आणि पुढच्या घराची मोठी पिशवी मागच्या घराला दिसते.

मे महिन्यात गेलात तर हापूस येणारच. पेटी डिकीत ठेवू नका, बंद गाडीत उन्हाने आंबा आतून उकडतो. सीटच्या पायाशी, सावलीत ठेवा, आणि थोडा कच्चा घ्या. चार दिवसांत वाटेतच पिकतो.

सुकी मासळी घ्यायची असेल तर तिची सोय आधी करा. सुकट, बोंबील, सोडे हे साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतले की दुसऱ्या दिवशी गाडीतल्या कपड्यांनासुद्धा वास लागतो, आणि तेच कपडे घालून तुम्ही शाकाहारी काकूंच्या देवघरासमोर बसता. वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, त्यावर जाड पिशवी, आणि ते सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. हा डबा पुण्यापर्यंत उघडायचा नाही. गोव्यातून येत असाल आणि मित्रांनी बाटल्या आणायला सांगितल्या असतील, तर परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. वाटेत गाड्या तपासतात. घरची माणसं गाडीत असताना असला प्रसंग नको.

मालवण सोडायच्या आदल्या दिवशी कपडे धुऊन घ्या. पाहुण्यांकडे घालायचा प्रत्येकाचा एकेक स्वच्छ जोड वेगळ्या बॅगेत वरच ठेवा. चप्पल-बुटांतली वाळू झटका, गाडी आतून झाडून घ्या. कोकणातली लाल माती पांढऱ्या फरशीवर उमटली की घरची मुलगी पोतेरं घेऊन मागे फिरते.

पहिला दिवस: मालवण ते कोल्हापूर

मालवणहून कणकवली, तिथून फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर हा मला सगळ्यात सोयीचा रस्ता वाटतो. थांबत थांबत साडेचार-पाच तास धरा. सावंतवाडीकडून येणार असाल तर आंबोली, आजरा, गडहिंग्लज, निपाणी. आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घ्या. बारीक, वासाचा तांदूळ आहे, भौगोलिक मानांकन मिळालेला, आणि कोल्हापूरच्या मामींनाही तो आणलेला आवडतो. गगनबावड्याच्या घाटांनी यायचं असेल तर रस्ता चालू आहे का हे निघताना स्थानिक माणसाला विचारा, तिथे पावसात दरडी येतात.

दोन गोष्टींसाठी दिवसाउजेडी कोल्हापूर गाठा. एक, दाजीपूरचं जंगल राधानगरी अभयारण्यात येतं आणि संध्याकाळी गवे रस्त्यावर उतरतात. आठ-नऊशे किलोचा काळा गवा अंधारात हेडलाइटमध्ये अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दुसरी गोष्ट ऊस. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाने झाकलेला. चढावर तो जवळजवळ थांबल्यासारखाच चालतो. दिवसा मागे राहून शांतपणे ओलांडता येतो. रात्री या भागातले आतले रस्ते टाळलेलेच बरे.

घर कोल्हापूरच्या पेठेत असेल तर गाडी कुठे लावायची हे फोनवरच विचारून ठेवा. गल्लीत लावलेल्या गाडीमुळे शेजाऱ्यांशी होणारी बोलाचाली तुमच्या मामांना निस्तरावी लागते. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं असेल तर शुक्रवारी पहाटेच जा, दिवस वर आला की गर्दी वाढते.

घरात शिरल्यावर

पाय धुवा, देवाला नमस्कार, मग थोरल्यांच्या पाया पडा, आणि मुलांनाही पडायला लावा. खाऊची पिशवी घरच्या बाईच्या हातात द्या, टेबलावर ठेवून देऊ नका. मोबाइल चार्जिंगला लावून तिथेच राहू द्या.

पहिला अर्धा तास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. बहुतेक वेळा सगळे हॉलमध्ये गप्पा मारतात आणि आजी आतल्या खोलीत पलंगावर एकट्या असतात. त्यांना ऐकू कमी येत असेल तर खुर्ची जवळ ओढा, तोंड दिसेल असे बसा, सावकाश बोला. 'कशा आहात' विचारून त्या 'बरी आहे' म्हणतील आणि बोलणं संपेल. त्यापेक्षा नेमकं विचारा: आजोबांची बदली मिरजेला झाली तेव्हा कुठे राहायचात, लग्नात किती माणसं जेवली, विहिरीचं पाणी कधी आटायचं. एकदा धागा लागला की तासभर त्याच बोलतात, आणि घरच्यांनाही माहीत नसलेल्या गोष्टी निघतात. त्यांची हरकत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

मुलं चार दिवस गाडीत बसून कंटाळलेली असतात, त्यांना 'शांत बसा' म्हणून काही होत नाही. अंगण, गच्ची, गोठा दाखवायला घरच्या एखाद्या मुलाला बरोबर द्या. मुक्काम असेल तर सकाळी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला बसा. बायकांच्या खऱ्या गप्पा तिथेच होतात. पुरुषांनी भांडी विसळायला घेतली तर आधी 'अहो, राहू द्या' होईल, तरी घ्या.

निघताना ओटी भरली जाते, हळदीकुंकू होतं, मुलांच्या हातात नोट ठेवली जाते. 'निघतो' म्हटल्यापासून गाडी सुटेपर्यंत अर्धा तास जातो, तो हिशेबात धरा. आपणही त्या घरच्या लहानांच्या हातात काही ठेवायचं असतं, त्यासाठी शंभर-दोनशेच्या कोऱ्या नोटा आधीच काढून ठेवा.

दुःखाच्या घरी

ज्या घरात माणूस गेलंय तिथे आधी जा, मौजेच्या घरी नंतर. गोड नेऊ नका, फळं न्या. कोकणचे फोटो दाखवू नका. गेलेल्या माणसाचा विषय टाळण्याची धडपड करू नका. त्या बाईला बहुतेक त्यांच्याबद्दलच बोलायचं असतं आणि ऐकणारं कुणी उरलेलं नसतं. शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा आणि सगळं ऐकून घ्या. तिथे चहा दिला तर घ्या. निघताना 'येतो' म्हणत नाहीत, नुसता नमस्कार करून उठायचं. मुलांना हे गाडीतच समजावून ठेवा.

दुसरा आणि तिसरा दिवस

कोल्हापूर ते सांगली पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. मध्ये जयसिंगपूरहून आत वळलं की नरसोबाची वाडी. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि बाहेर पेढे, कवठाची बर्फी, बासुंदी. बासुंदी तिथेच खा, प्रवासात नेऊ नका. वाडीचा प्रसादाचा पेढा सांगलीत कुठल्याही घरी घेऊन गेलात तरी तो आधी कपाळाला लावतात. सांगलीतून पुढच्या घरांसाठी हळद, बेदाणे आणि भडंग घ्या.

सांगलीहून आष्ट्यावरून पेठ नाक्याला हायवे लागतो, तिथून कऱ्हाड जवळ. मित्राला भेटायचं असेल तर मी कऱ्हाडसारखं गाव निवडते आणि घराऐवजी बाहेर भेटते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूला, सकाळी निवांत बसता येतं. घरी गेलं की मित्राच्या बायकोला स्वयंपाक पडतो आणि मित्र पाहुणचारात अडकतो. पण त्याचे आई-वडील घरी असतील आणि कॉलेजात असताना त्यांनी तुम्हाला जेवू घातलं असेल, तर घरी गेलंच पाहिजे.

सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने जागोजागी सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं. पुढच्या घरी सांगितलेल्या वेळेत एक तास जादा धरा, आणि उशीर होणार असं दिसलं की लगेच फोन करा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोलनाके आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

एवढ्यात गाडी भरायला लागलेली असते. मामांनी गुऱ्हाळातली गुळाची ढेप आणि काकवीची बाटली दिलेली, आईने भाकरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, सासूबाईंनी भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं. नको म्हणू नका, पण निघतानाच डिकीत दोन रिकाम्या कापडी पिशव्या आणि तेवढी जागा ठेवा. काकवीची बाटली उभी, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा डब्यात ठेवा. बूच कितीही घट्ट असलं तरी उन्हात ती झिरपते आणि डिकीतली मॅट मग धुऊनही चिकटच राहते. ओझं वाढलं की टायरमधली हवा बघा. भरलेल्या गाडीसाठी किती हवी ते बहुतेक गाड्यांच्या चालकाच्या दरवाजाजवळ लिहिलेलं असतं.

रविवार: सातारा ते पुणे

शनिवारी रात्री साताऱ्याला मुक्काम आणि रविवारी सकाळी आठ-नऊला प्रस्थान. संध्याकाळी निघू नका. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर, पाचगणी, कास, कोकण सगळीकडच्या गाड्या एकाच वेळी खेड शिवापूरला येतात आणि सव्वाशे किलोमीटरच्या आतला हा प्रवास चार-चार तास खातो. सकाळी निघालात तर जेवायला घरी. आदल्या संध्याकाळी पुण्याच्या शेजाऱ्यांसाठी कंदी पेढे घेऊन ठेवा.

खंबाटकीच्या पलीकडचा उतार आणि वळणं सावकाश घ्या. नव्या बोगद्यांच्या कामामुळे तिथली रचना बदलत असते, तेव्हा सवयीवर न जाता पाट्या वाचा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे आणि तिथे मालट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात होत आले आहेत. गिअर खालचा ठेवा, ट्रकच्या पुढे-मागे चिकटू नका. घर जवळ आल्यावर चालवणाऱ्याचं लक्ष ढिलं पडतं, त्या वेळी शेजारी बसलेल्या माणसाने जागं राहावं.

पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी पोचल्याचे फोन करा. सगळ्या घरी, ज्या क्रमाने गेलात त्या क्रमाने. म्हातारी माणसं फोन येईपर्यंत जेवायला बसत नाहीत. फोटो ग्रुपवर एकदम ओतू नका, ज्या घरचे त्या घरी पाठवा, आणि आजी-आजोबांबरोबरचा एक-एक फोटो कागदावर काढून त्याच आठवड्यात पोस्टाने किंवा कुरिअरने रवाना करा. त्यांच्याकडे स्मार्टफोन असला तरी फोटो ते भिंतीवर लावतात. आलेले स्टीलचे डबे धुऊन, झाकणावर घराचं नाव लिहून एका जागी ठेवा. पुढच्या वेळी त्या बाजूला कुणी जाणार असेल तर त्याच्या हाती परत जातील, आणि रिकामा डबा द्यायचा नसतो, तेव्हा त्यात काय घालायचं ते तेव्हाच ठरवा.